चाकांवरील घर आणि त्यांतील शौचकूप

सुसंस्कृत संभाषणांत कांहीं विषय असे असतात कीं, त्यांची आवश्यकता दररोज भासते, पण उच्चार मात्र वर्षांतून एकदांही होत नाहीं. शौचकूप हा त्यांपैकीं पहिला. पाहुणे घरीं आले म्हणजे यजमान त्यांना पाणी देतात, चहा देतात, टेकावयास लोड देतात. पण लांबच्या प्रवासानंतर पाहुण्यांच्या मनांत प्रथम जो प्रश्न उभा असतो, तो त्यांना घरांतील एखाद्या लहान मुलास बाजूला घेऊन विचारावा लागतो. घर एके ठिकाणीं उभें असेल तर ही भीड निभावून जाते. सांखळी ओढली कीं मैला जातो, आणि त्याबरोबर त्याचा विचारही जातो. भिंतीपलीकडे नळ कोठें वळतो, खड्डा कोण उपसतो, हें ठाऊक नसलेलीं माणसेंही जन्मभर सुखानें राहूं शकतात.

घरालाच चाकें लावलीं म्हणजे मात्र हें अज्ञान चालत नाहीं. फिरत्या घराच्या जमिनीखालीं गटार नसतें. जें आंत झालें तें घराबरोबरच प्रवास करतें, किंवा रस्त्यावर पडतें. तिसरा मार्ग नाहीं. म्हणूनच फिरत्या घराचें शौचकूप ही वस्तु आकारानें कितीही लहान असली, तरी ती गृहस्थास असे दोन प्रश्न विचारते कीं जे पक्क्या घरांत त्याला कोणी विचारीत नाहीं: हें कोठें जाणार, आणि कोणाच्या हातानें जाणार?

चाकांवरील घर ही कल्पना मराठवाड्यास नवी नाहीं. दसरा-दिवाळी उलटली म्हणजे बीड, लातूर, नांदेड या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा ट्रक यांत भांडींकुंडीं, धान्य, कोंबड्या आणि तान्हीं मुलें घालून कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि पांच-सहा महिने पालांत किंवा पाचटाच्या कोपींत राहतात. दुसरें फिरतें घर म्हणजे आगगाडीचा डबा. नांदेड हें गुरु गोविंदसिंगांच्या अखेरच्या दिवसांचें ठिकाण. 1708 सालीं तेथें त्यांचा देहान्त झाला, आणि तेव्हांपासून उत्तरेकडील यात्रेकरूंची वाट तेथें येऊन मिळते. नांदेड आणि अमृतसर यांना जोडणारी सचखंड एक्सप्रेस एका फेरीस दीड दिवसाच्या आसपास वेळ घेते. तेवढा काळ तो डबा म्हणजे शेंकडों माणसांचें घरच होय. तिसरें घर अगदीं अलीकडचें. महाराष्ट्र शासनानें 2021 सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि पलंग, ओटा व शौचकूप असलेली मोटार घेऊन सहकुटुंब हिंडण्याची हौस आपल्याकडील सुखवस्तु घरांतही दिसूं लागली. या तीनही घरांची संपत्ति निरनिराळी. पण अडचण एकच.

या अडचणीचा सर्वांत जुना आणि मोठा अनुभव रेल्वेचा आहे. आगगाड्या सुरू झाल्यावर पुष्कळ वर्षें खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूपच नव्हतें. उतारूनें स्टेशनावर उतरावें, आपला विधि उरकावा आणि गाडी हलण्यापूर्वीं परत यावें, अशी अपेक्षा असे. 1909 सालीं बंगालमधील अहमदपूर स्टेशनावर ओखिलचंद्र सेन नांवाच्या गृहस्थांची अशीच फजीति झाली. फणस अधिक खाल्ल्यानें त्यांना उतरावें लागलें, गार्डानें शिट्टी दिली, आणि एका हातांत लोटा व दुसऱ्या हातांत धोतर धरून धांवतांना ते फलाटावर सर्व लोकांसमक्ष पडले. त्यांनीं साहिबगंज येथील रेल्वे-कचेरीस मोडक्या इंग्रजींत जें तक्रारपत्र लिहिलें, तें दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळें प्रसिद्ध झालें आहे. त्या पत्रानंतरच खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकुपें आलीं असें सांगण्यांत येतें. लातूर जिल्ह्यांतही एक अहमदपूर आहे. तें हें नव्हे. परंतु लोटा घेऊन धांवणारा उतारू मात्र कोणत्याही अहमदपुरास परका वाटूं नये.

डब्यांत शौचकूप आलें, पण तें म्हणजे जमिनीस पाडलेलें एक भोंक. मैला थेट रुळांवर पडे. स्टेशनांत गाडी उभी असतां वापर करूं नये, अशी पाटी डब्याडब्यांत असे, आणि ती पाळणारे थोडे असत. शंभर वर्षें ही व्यवस्था चालली, याचें कारण तिचा त्रास ज्यांस होई, ते तिकीट काढून बसलेले लोक नव्हते. फलाटालगतचे रूळ धुणारे सफाई-कामगार आणि मार्गाची देखभाल करणारे गँगमन यांच्या वांट्याला तो येई. पुढें लोखंडानेंही तक्रार केली. मैल्याच्या ओलाव्यानें व क्षारांनीं रूळ आणि त्यांना घट्ट धरणाऱ्या पकडी गंजूं लागल्या. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे-सुरक्षा समितीनें 2012 सालीं आपल्या अहवालांत या गंजण्याकडे लक्ष वेधलें आणि मैला मार्गावर न टाकणारीं शौचकुपें सर्व डब्यांना बसवावींत, असें सांगितलें. माणसांच्या दुःखास जें साधलें नव्हतें, तें लोखंडाच्या झिजेनें साधण्यास मदत झाली, हें नमूद करण्यासारखें आहे.

त्यापूर्वींच एक उपाय प्रयोगांत होता. संरक्षण-संशोधन खात्याच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेनें हिमप्रदेशांतील सैनिकांच्या सोयीसाठीं मैला पचविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें मिश्रण तयार केलें होतें. रेल्वेनें त्याच्या साहाय्यानें डब्याखालीं बसणारी टांकी सिद्ध केली, आणि 2011 सालीं ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसला अशीं जैव-शौचकुपें प्रथम लागलीं. पुढील आठ-नऊ वर्षांत देशांतील ब्रॉडगेज मार्गांवरील उतारूंच्या सुमारें 68 हजार डब्यांना मिळून 2 लाख 40 हजारांहून अधिक जैव-शौचकुपें बसविण्यांत आलीं. नांदेडाहून व लातुराहून सुटणाऱ्या गाड्याही त्यांत आल्या.

ही टांकी चालते कशी, हें समजून घेणें कठीण नाहीं. तींतील जंतु हवेवांचून जगणारे असतात. आडव्या भिंतींनीं टांकीचे कप्पे केलेले असतात; मैला एका कप्प्यांतून दुसऱ्यांत सावकाश सरकतो, आणि तेवढ्या वेळांत जंतु त्याचें विघटन करतात. शेवटीं उरतें तें मुख्यत्वें पाणी. आणि मिथेन व कर्बद्विप्राणिद वायु निघून जातात. पाणी बाहेर पडण्यापूर्वीं क्लोरीनच्या संपर्कांतून जातें. दह्याच्या विरजणाची उपमा येथें शोभणार नाहीं, पण तत्त्व तेंच आहे. विरजण जिवंत राहिलें तर काम होतें. मेलें तर भांड्यांत नुसती घाण सांठते.

आणि विरजण मरतें, किंवा त्याच्यापर्यंत मार्गच पोंचत नाहीं, तें बहुधा वापरणाऱ्यांच्या हातून. पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे पेले, चिंध्या, मुलांचीं लंगोटवस्त्रें आणि स्त्रियांच्या उपयोगाच्या घड्या भांड्यांत टाकल्या कीं वाकडा नळ तुंबतो. महालेखापरीक्षकांनीं 2017 सालच्या अहवालांत या शौचकुपांविषयींच्या तक्रारींची छाननी केली, तेव्हां तुंबण्याची तक्रार फार मोठ्या प्रमाणावर आढळली. जुन्या भोंकांतून बाटलीही खालीं जात असे, आणि त्यामुळें भोंक म्हणजे कचऱ्याची पेटी अशी शंभर वर्षांची संवय हाताला लागली होती. यंत्र बदललें, संवय बदलली नाहीं. शौचकुपाशेजारीं कचऱ्याचा डबा ठेवलेला असतो, तो या एकाच कारणासाठीं. तीव्र आम्ल ओतून स्वच्छता करण्याचा मोहही येथें घातकच. कारण त्यानें डाग जातो, आणि टांकींतील कामकरी जंतुही जातात.

आतां मोटारींतील शौचकुपाकडे वळूं. याचा सर्वाधिक रूढ प्रकार म्हणजे कॅसेटचें शौचकूप. वर बसावयाचें भांडें, त्याखालीं सरकती झडप, आणि झडपेखालीं सुमारें 17 ते 20 लिटरची पेटीसारखी टांकी. ही टांकी मोटारीच्या बाहेरील बाजूनें, एक लहान दार उघडून ओढून काढतां येते. मोठ्या वाहनांत कांहीं वेळां टांकी खालीं कायमची जोडलेली असते आणि जाड नळीनें रिकामी करावी लागते. परंतु आपल्याकडील लहान रस्त्यांस व लहान वाहनांस कॅसेट अधिक सोयीची.

समजा, लातूरचें चार माणसांचें एक कुटुंब अशी मोटार घेऊन अहमदपूर, कंधार, नांदेड करीत माहूरास जाण्यास निघालें. निघण्यापूर्वींच पहिलें काम करावयाचें. रिकाम्या टांकींत दोन-तीन लिटर पाणी व त्यासाठींच मिळणारें द्रावण मापानें घालावें. पाणी यासाठीं कीं मैला कोरड्या तळास चिकटूं नये. द्रावण यासाठीं कीं दुर्गंधि दबावी आणि घन भाग विरघळून ओतण्याजोगा व्हावा. द्रावणें दोन जातींचीं असतात. एक फॉर्माल्डिहाइडसारख्या जंतुनाशक रसायनांचें, आणि दुसरें पाचक द्रव्यांचें, म्हणजे एन्झाइमांचें. पहिलें गंध चांगला दाबतें, पण तें विषारी असतें आणि कोठें ओतावें याचा प्रश्न उभा करतें. दुसरें सौम्य, त्याच्या योगानें हा प्रश्न पुष्कळ सुलभ होतो. मराठवाड्यांत वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, अशा वेळीं बंद मोटारींतील टांकी फार लवकर आंबते. तेव्हां उन्हाळ्यांत गाडी सावलींत उभी करणें आणि टांकी रोजच्या रोज रिकामी करणें हेंच खरें औषध; द्रावण दुप्पट ओतणें नव्हे.

वापरतांना क्रम चुकूं नये. प्रथम भांडें थोड्या पाण्यानें ओलें करावें. मग झडप उघडावी, आणि नंतर बसावें. झडप बंद ठेवून वापर केला तर रबराच्या कडेवर घाण बसते व पुढें ती गळूं लागते. पुरुषांनींही लघवीस बसूनच जावें. हलत्या-डुलत्या जागेंत शिंतोड्यांचा दोष कोणावर हा वाद त्यानें मिटतो. काम झालें म्हणजे पाणी सोडावें, आणि झडप लगेच बंद करावी. गाडी चालू असतां शौचकूप वापरूं नये, आणि भांड्यांत पाणी ठेवून गाडी हांकूं नये. पहिल्या खड्ड्यालाच त्याचा प्रत्यय येतो.

येथें आपल्या चालीरीतींचा एक प्रश्न निघतो, ज्याचें उत्तर परदेशी माहितीपत्रकांत सांपडत नाहीं. त्यांचा हिशेब कागद वापरणाऱ्या माणसांचा आहे, आणि म्हणून दोन माणसांस एक टांकी दोन-तीन दिवस पुरते असें त्यांत गृहीत असतें. आपल्या कुटुंबाचा हिशेब निराळा. चार माणसांची दिवसाची लघवीच सुमारें 6 लिटर धरावी. प्रत्येकाचा एक लोटा, म्हणजे 4 लिटर. दिवसांतून प्रत्येकानें पांच वेळां अर्धा-अर्धा लिटर पाणी सोडलें, तर तें 10 लिटर. बेरीज 20 लिटर. म्हणजे टांकी एका दिवसांत कांठोकांठ. यावर उपाय दोन. लोट्याऐवजीं बारीक धारेची हाताची पिचकारी वापरल्यास पाव लिटरांत भागतें. आणि जेथें धर्मशाळा, भक्तनिवास, उपाहारगृह किंवा पेट्रोल-पंप येथें चांगलें शौचकूप मिळतें, तेथें तें वापरून मोटारींतील शौचकूप रात्रीसाठीं, मुलांसाठीं व आजाऱ्यांसाठीं राखावें. कागद वापरणाऱ्यांनीं सहज विरघळणारा पातळ कागदच वापरावा.

टांकी भरत आल्याची खूण म्हणून कांहीं शौचकुपांत तांबडा दिवा लागतो. त्या दिव्याची वाट पाहणें शहाणपणाचें नाहीं. भरलेली टांकी 20 किलोहून अधिक वजनाची होते, आणि ओढतांना हिसका बसला तर जें होतें त्याचें वर्णन करण्याची गरज नाहीं. अर्धी-पाऊण भरली असतां रबरी हातमोजे घालून, झडप बंद असल्याची खात्री करून, ती बाहेर काढावी. ओतण्याची तोटी गटाराशीं जोडलेल्या शौचकुपाच्या भांड्यांत वळवावी, झांकण काढावें, आणि हवा आंत शिरण्यासाठीं असलेली कळ ओततांना दाबून धरावी. ही कळ विसरली कीं टांकी गचके देत ओकते आणि शिंतोडे पायांवर येतात; कळ दाबली तर धार तेलासारखी सलग पडते. टांकी रिकामी झाल्यावर तींत चार-पांच लिटर पाणी घालून हलवावें व पुन्हां ओतावें. असें दोनदां करावें. या कामासाठीं पिण्याच्या पाण्याची नळी टांकीस कधींही लावूं नये. हें पाणी निराळ्या बादलीनें आणावें. शेवटीं हात साबणानें कोपरापर्यंत धुवावे.

देखभालीचें काम थोडकें, पण तें चुकल्यास भुर्दंड मोठा. झडपेच्या रबरी कड्यास सिलिकोनचें वंगण अधूनमधून लावावें. व्हॅसलीन लावूं नये. त्यानें रबर फुगतें. ब्लीचिंगचें पाणी टांकींत घालूं नये. तें रबर खातें, आणि लघवींतील अमोनियाशीं मिळून त्यांतून विषारी वायु निघतो. मराठवाड्यांत विंधन-विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्याचा पांढरा थर भांड्यावर व टांकींत बसतो, आणि त्या थरांतच वास धरून राहतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यानें तो सुटतो. प्रवास संपला, मोटार महिनाभर उभी राहावयाची असली, म्हणजे टांकी धुऊन, वाळवून, झडप उघडी ठेवून द्यावी. बंद झडपेचें रबर चिकटून बसतें, आणि पुढील प्रवासाच्या पहिल्याच दिवशीं फाटतें.

आतां मुख्य प्रश्न : टांकी ओतावी कोठें? कॅराव्हॅनचा प्रघात जेथें जुना आहे, त्या देशांत तळांवर यासाठीं स्वतंत्र जागा बांधलेल्या असतात. आपल्याकडे ती सोय वाटेवर मिळेल असें धरून चालूं नये. म्हणून मुक्कामाचें ठिकाण ठरवितांनाच, जेवणाची चौकशी करण्यापूर्वीं, ही चौकशी करावी. ज्या ठिकाणचें शौचकूप गटारास जोडलेलें आहे, तेथें परवानगी घेऊन ओतणें उत्तम. शौच-खड्डा, म्हणजे सेप्टिक टँक, असेल तर त्यांत जंतुनाशक द्रावणाची टांकी ओतूं नये. त्या खड्ड्यांतील जंतु आगगाडीच्या टांकींतील जंतूंचेच भाऊबंद. आपल्या सुगंधी औषधानें ते मरतात, आणि आपण निघून गेल्यावर यजमानाच्या अंगणांत दुर्गंधि सुटते. पाचक द्रावण वापरणाऱ्यास ही भीति नाहीं. नदी, ओढा, विहिरीचा कांठ, रस्त्याकडेची चारी हीं तर मनांतही आणूं नयेत. नांदेडला यात्रेकरु गोदावरीवर स्नानास उतरतात. वरच्या अंगास रात्रीं रिकामी केलेली एखादी टांकी सकाळीं कोणाच्या ओंजळींत येते, याचा विचार अंधारांत ओतणारा करीत नसतो.

पाण्याचा प्रश्न याहूनही मोठा, आणि तो लातुराइतका दुसऱ्या कोणत्या शहरास शिकविण्याची गरज नाहीं. 2016 सालीं मांजरा धरण कोरडें पडलें. मार्च महिन्यांत पाण्याच्या टांक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. अखेर राजस्थानांतील कोटा येथील कारखान्यांत आगगाडीच्या टांक्या स्वच्छ धुऊन मिरजेस आणल्या, तेथें त्या भरल्या, आणि 12 एप्रिल रोजीं पहिल्या 10 टांक्यांचें 5 लाख लिटर पाणी लातुरास पोंचलें. पुढें 50 टांक्यांची गाडी येऊं लागली. प्रत्येक टांकींत सुमारें 50 हजार लिटर, म्हणजे एका खेपेस 25 लाख लिटर. आंकडा मोठा दिसतो. परंतु 2011 च्या शिरगणतीप्रमाणें लातूर शहराची वस्ती 3 लाख 82 हजारांहून अधिक होती. भागाकार केला तर माणशीं साडेसहा लिटर येतात. जुन्या पद्धतीच्या सांखळीच्या टांकींतून एका वेळीं सहज 10 लिटर पाणी जातें. तीनशें कोसांच्या नव्हे, पण तीनशें किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आणलेली ती सबंध गाडी प्रत्येक लातूरकराच्या एका सांखळीसही पुरली नसती.

या दृष्टीनें पाहतां फिरत्या घराचें शौचकूप पक्क्या घरास पुष्कळ कांहीं शिकवितें. मोटारींतील भांड्यास अर्धा लिटर पाणी पुरतें. नव्या आगगाड्यांतील निर्वात-शोषणाचीं शौचकुपेंही तेवढ्याच पाण्यावर चालतात. हवेच्या ओढीनें मैला खेंचला जातो, पाणी केवळ भांडें धुण्यापुरतें. 2018 सालीं लातूरजवळ हरंगुळ येथें डब्यांच्या कारखान्याचा पाया घातला गेला. ज्या गांवानें आगगाडीनें पाणी येतांना पाहिलें, त्याच गांवांत बांधल्या जाणाऱ्या डब्यांत पाणी राखणारीं शौचकुपें बसावींत, यांत एक प्रकारचें औचित्य आहे.

पाणी मुळींच न लागणारी रीतही आहे, आणि ती महाराष्ट्रास परकी नाहीं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं सोप्या, स्वस्त संडासांचे प्रयोग केले. त्यांचें तत्त्व एवढेंच कीं, मैला उघडा ठेवूं नये, मातीनें व पाल्यापाचोळ्यानें झांकावा, आणि खड्डा पुरेसा काळ बंद ठेवून त्याचें खत होऊं द्यावें. फिरत्या घरासाठीं हल्लीं जीं कोरडीं शौचकुपें मिळतात, तीं याच तत्त्वावर आहेत. त्यांत लघवी निराळ्या बाटलींत जाते, आणि मैल्यावर मूठभर भुसा किंवा राख पडते. दोन्ही एकत्र झाले नाहींत तर वास फार थोडा येतो. कारण दुर्गंधीचें मूळ बहुतांशीं त्या मिश्रणांत असतें. मात्र ताजा मैला म्हणजे खत नव्हे. तो विहिरीपासून दूर, झांकलेल्या खड्ड्यांत निदान वर्षभर मुरल्याशिवाय शेतांत घालणें धोक्याचें आहे.

अप्पासाहेबांचा हेतु मात्र खतापुरता नव्हता. ते जन्मानें ब्राह्मण, शिक्षणानें पदवीधर; परंतु भंगीकाम त्यांनीं स्वतः केलें, आणि एका जातीच्या डोक्यावरील तें ओझें उतरावें यासाठीं आयुष्य वेंचलें. संडास असा असावा कीं ज्याचा त्यानें स्वच्छ करतांना कोणास शिसारी येऊं नये, म्हणजे तो दुसऱ्यावर टाकण्याचें कारणच उरणार नाहीं, असा त्यांचा विचार होता. तो विचार अद्याप जुना झालेला नाहीं. हातानें मैला उचलण्याचें काम कोणाकडून करवून घेण्यास 2013 सालच्या कायद्यानें बंदी केली. 2014 च्या मार्च महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें गटारांत व खड्ड्यांत उतरून मृत्यु पावलेल्यांच्या वारसांस 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि रेल्वेनेंही मार्गावरील हें काम थांबविण्याची योजना कालमर्यादेंत आंखावी, असें सांगितलें. 2023 सालीं अशा मृत्यूबद्दलची भरपाई 30 लाखांवर नेण्यांत आली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यु थांबलेले नाहींत.

मोटारींतून हिंडणाऱ्या कुटुंबाची येथें खरी परीक्षा असते. टांकी बाहेर काढण्याची वेळ आली कीं पहिला विचार असा येतो कीं, भक्तनिवासांतील झाडूवाल्यास शंभराची नोट द्यावी आणि आपण चहास जावें. तो माणूस नकारही देणार नाहीं. गरज त्याची आहे. परंतु तसें केलें म्हणजे पक्क्या घरांतील जुनी रीत चाकांवर बसवून गांवोगांव हिंडविल्यासारखें होतें. कॅसेटला हात धरावयास मूठ केलेली आहे, ती वापरणाऱ्याच्याच हातासाठीं. घरांतील कर्त्या माणसानें एक दिवस, मुलानें दुसऱ्या दिवशीं, अशी पाळी लावली तर पांच मिनिटांचें काम आहे. आणि ज्या मुलानें एकदां टांकी ओतली, तें भांड्यांत बाटली टाकीत नाहीं, ना मोटारींत, ना आगगाडींत.

आणि या सर्व सोयींची जिला सर्वांत अधिक आवश्यकता आहे, ती स्त्री मोटारींत बसलेली नसते. ऊसतोडीच्या टोळींतील स्त्री पहांटे तीनला उठते, ती उजाडण्यापूर्वीं आडोसा गांठण्यासाठींही. दिवसभर फडांत तिला आडोसा नाहीं. म्हणून ती पाणी कमी पिते, आणि उन्हांत तें मूत्रमार्गाच्या विकारांस आमंत्रणच ठरतें. मासिक पाळींत तिची स्थिति याहून कठीण. तिचें घरही चाकांवरूनच आलेलें असतें, पण त्याला शौचकुपाचें दार नसतें. 20 लिटरची एक पेटी, चार बांबू आणि जाड कापडाचा आडोसा, झांकावयास राख, आणि कारखान्याच्या आवारांत पेटी रिकामी करण्यास एक बांधीव जागा, यांत असें कांहींच नाहीं कीं जें यंत्रशास्त्रास अजून सुटलेलें नाहीं. हौसेच्या प्रवासासाठीं जें साधन परिपूर्ण झालें, तें पोटासाठीं प्रवास करणाऱ्यांच्या कोपीपर्यंत नेणें, एवढेंच शिल्लक आहे.

लातूरचें तें कुटुंब माहूरला दर्शन घेऊन परत आलें म्हणजे शेजारीपाजारी त्यास गडाचें, सहस्रकुंडाच्या धबधब्याचें आणि कंधारच्या किल्ल्याचें वर्णन विचारतील. शौचकुपाविषयीं मोठ्यानें कोणी विचारणार नाहीं. पण ज्यांच्या मनांत पुढील सुटींत तशीच मोटार घेऊन जावयाचें असेल, ते निघतांना दाराशीं थांबून, आवाज खालीं आणून, तेवढें एक विचारतीलच. त्यांना आवाज खालीं न आणतां उत्तर द्यावें.